बोलण्याआधीची शांतता

१

माझ्या वहिनीचा आवाज गुरुवारी संध्याकाळी चोरीला गेला. शुक्रवारी सकाळी दादाचा फोन आला, तेव्हा मी एका जळालेल्या फर्निचरच्या दुकानात गुडघाभर राखेत उभी होते.

"घसा बसला असेल," मी म्हटलं.

"डॉक्टरांना दाखवून आणलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले. ती नुसती कुजबुजतेय. तू ये."

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असावं असा जगाचा आग्रह असतो. आमचं तसं नाही. दादापेक्षा मला वहिनीच जास्त आवडते आणि हे दादालाही माहीत आहे. ती पुस्तकं वाचते, म्हणजे स्टुडिओत बसून मोठ्याने वाचते आणि लोक ती कानांनी ऐकतात. माझा धंदा वेगळा. मी विमा कंपनीसाठी आगी तपासते. आग लागली की लावली, एवढं सांगायचा मला पगार मिळतो.

घरी गेले तर वहिनी खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

मागची हकीकत मला माहीत होती. महिन्यापूर्वी तिच्या स्टुडिओने एका सभागृहात ठेवलेल्या विनोदी कार्यक्रमात स्टुडिओतल्याच एकाने बलात्कारावर विनोद केला. तो विनोद मी इथे लिहिणार नाही, फुकटात त्याची आणखी एक फेरी कशाला! सभागृह खदाखदा हसलं. वहिनीच्या शेजारची मुलगी मात्र उठून बाहेर गेली आणि वहिनी तिच्यामागे. मुलगी बेसिनला धरून थरथरत होती. वहिनीने त्यावर एक लेख टाकला. शेवटचं वाक्य होतं: 'हा विनोद ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याने एकदा त्या मुलीसमोर बसून तो सांगावा.'

झालं! मोहोळ उठलं. सगळ्यात पुढे 'नुसती गंमत' नावाचं एक निनावी खातं. रोज नवी घाण, वहिनीच्या फोटोंची विटंबना, खाली हसणाऱ्यांची जत्रा. वहिनीने पोलिसांत तक्रार दिली, दात-ओठ खाल्ले आणि काम चालू ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी मात्र त्या खात्यावरून आवाज आला. जाडाभरडा, मुद्दाम बदललेला, हळूहळू बोलणारा.

"मागच्या दाराला नवी कडी बसवलीस म्हणे. छान! पण तुझ्यासारखीला हात कोण लावणार? तुला तर त्याचाच राग येत असेल. तरी येऊन जातो एकदा. गंमत म्हणून."

मी उठून मागच्या दाराशी गेले. कडी नवी कोरी होती.

"ही कधी बसवली?"

"काल सकाळी," वहिनी कुजबुजली. "आणि नणंदबाई, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं."

आम्ही दोघींनी एकदमच दादाकडे पाहिलं.

२

माझा भाऊ शाळेत चित्रकला शिकवतो आणि झुरळ मारतानासुद्धा त्याची माफी मागतो. पण आगी तपासणाऱ्या माणसाने नातं बघायचं नसतं. सख्ख्या भावांनी भावाचं गोदाम पेटवलेलं मी पाहिलंय.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाही नाही!" दादा तांबडालाल झाला. त्याने हात वर केला आणि मला त्याच्या अंगठ्याची पट्टी दिसली. सुताराला बोलवायचं सोडून यानेच हातोडी घेतली होती तर.

"अंगठ्याचं कुणी विचारलं नाही?"

दादाचा हात हवेतच राहिला. "विचारलं ना. दुपारी जेवणानंतर हिला सोडायला स्टुडिओत गेलो होतो, तिथे विचारलं. मी म्हटलं, मागच्या दाराला कडी बसवली, कारागीर आम्हीच..." त्याचा आवाज खाली खाली गेला. "तिघेही होते तिथे. बॉस, तो विनोदवीर आणि रेकॉर्डिंग करणारा कानसेन."

"आणि निरोप आला त्याच संध्याकाळी," मी म्हटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हे दोघं महिनाभर जगभरच्या अनोळखी टवाळांना शिव्या घालत होते. टवाळ बसला होता वहिनीच्या रोजच्या चहाच्या टेबलावर.

वहिनीने माझी बाही धरली. "मला तो कोण आहे याच्याशी नंतर घेणंदेणं. अत्याचार सोसलेल्या बायकांच्या त्या पुस्तकाचं एकच प्रकरण वाचायचं राहिलंय. त्या बायका एकाच अटीवर बोलल्यात, वाचणार मी. शेवटचं प्रकरण त्या बेसिनपाशी थरथरणाऱ्या मुलीचं आहे." तिने माझी बाही सोडली. "काल रात्रीपासून माईकची नुसती आठवण आली तरी वाटतं, तो ऐकतोय. मी बोलले की ते त्याच्या कानात जाणार. मग आवाजच फुटत नाही."

मी पर्स उचलली. मला असा राग आला होता की जिना मी एकेका उडीत उतरले.

३

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. मध्ये काच. काचेच्या आत वाचणाऱ्याची छोटी खोली, बाहेर रेकॉर्डिंगचं टेबल. मागे बॉसची केबिन, आणि वाचायच्या खोलीच्या भिंतीला लागून चहाची खोली.

आत शिरून मी "नमस्कार" म्हणणार, तेवढ्यात एका ठेंगण्या बाईने माझ्या तोंडासमोर तळहात धरला. वर लाल दिवा लागला होता. काचेपलीकडे कुणीतरी माईकसमोर बसलं होतं, पण बोलत नव्हतं. सगळे नुसते थांबले होते. बऱ्याच वेळाने तो माणूस वाचायला लागला, आणि तेव्हा कुठे बाईंनी मला केबिनमध्ये ओढलं. ह्याच बॉस, स्टुडिओच्या मालकीण.

"खोलीची शांतता घेतल्याशिवाय माझ्याकडे कुणी 'अ' म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आधी शांतता, मग बोलणं, शेवटी परत शांतता. प्रत्येक खोलीच्या गप्प बसण्याचा आवाज वेगळा असतो. खोकला, अडखळणं कापलं की तिथे त्याच खोलीचं ठिगळ लावावं लागतं. नव्याला मी पहिला आठवडाभर हेच शिकवते."

"गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. हिशेब करत." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला वाटतंय की या गदारोळाने पुस्तकाची जाहिरात होतेय, म्हणून मीच आग लावली."

"लोक स्वतःची दुकानं जाळतात, बाई. रोज बघते."

बॉस रागावल्या नाहीत. मला त्या जरा आवडल्याच. संशयित आवडणं ही वाईट खोड आहे.

विनोदवीर चहाच्या खोलीत सापडला. गुबगुबीत, देखणा, आणि माझं काम ऐकून पाचावर धारण बसलेला. त्यानेच तो विनोद केला होता.

"मॅडम, त्या लेखानंतर माझे कार्यक्रम बंद झाले, मान्य. मला राग आला, तेही मान्य. पण ते खातं माझं नाही! उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच माझा गुन्हा. मला जे मिळालं ते मी बोललो."

"मिळालं?"

"म्हणजे... सुचलं हो." त्याने कपात डोकं घातलं. "गुरुवारी? गुरुवारी दुपारभर मी इथेच होतो, एकटा."

भिंतीला टेकून, म्हणजे वहिनीच्या खोलीला टेकून, हे मी मनात लिहून ठेवलं.

कानसेन रेकॉर्डिंगच्या टेबलावर होता. कान इतका तिखट की लोक त्याचं खरं नाव विसरले होते. त्याने मला स्वतःची खुर्ची दिली, कोमट पाणी दिलं. वहिनीलाही रोज तोच पाणी द्यायचा.

"ताई बऱ्या आहेत ना? मी त्यांना सांगत होतो, दुर्लक्ष करा. भुंकणारी कुत्री चावत नाहीत. आणि खरं सांगू का, तो विनोद मुळात इतका वाईट नव्हता. आमच्या हिरोने मधला थांबा खाल्ला. तिथे थांबला असता तर हसू त्या बाईवर गेलंच नसतं."

"तुम्ही गुरुवारी दुपारी कुठे होता?"

तो हसला. "ताईंचंच रेकॉर्डिंग करत होतो. जेवणानंतर बसलो तो दिवा विझेपर्यंत खुर्चीवरून हललोसुद्धा नाही. काचेपलीकडे ताई समोर होत्या, त्यांनाच विचारा."

विचारलं. वहिनीचं उत्तर फोनवर आलं: हो, तो पूर्ण वेळ समोर होता.

म्हणजे कानसेन सुटला. उरले दोघे.

४

आगीच्या जागी गेल्यावर लोक काय जळलं ते बघतात. मी आधी काय जळलं नाही ते बघते. खरी गोष्ट तिथेच असते.

दुपारी इमारतीच्या जिन्यात बसून मी तो निरोप पुन्हा लावला. शब्द मला पाठ होते आणि त्यांचा वीट आला होता. म्हणून मी शब्द सोडून बाकीचं ऐकायचं ठरवलं. आणि ताडकन उभी राहिले!

निरोप बोलण्याने सुरू होतच नव्हता. आधी नुसती शांतता होती. शेवटीही 'गंमत म्हणून'नंतर पुन्हा शांतता, मग बंद.

आता माझ्या आत्याचे निरोप घ्या. बटण दाबायच्या आधीच तिची अर्धी तक्रार बोलून झालेली असते आणि शेवट "बंद कसं करायचं गं हे" असा असतो. जगातली सगळी माणसं अशीच बोलतात. धमकी देणाऱ्याला तर घाईच असणार. मग बोलण्याआधी इतका वेळ, इतक्या शिस्तीत गप्प कोण बसेल?

ज्याला बॉसने पहिला आठवडाभर तेच शिकवलंय तो! दात घासावे तशी अंगवळणी पडलेली सवय. दादा सुटला, सगळं जग सुटलं. चोर वरच्या मजल्यावर होता, हे आता त्याच्याच गप्प बसण्याने सांगितलं होतं.

आणि त्या शांततेत काहीतरी होतं. अगदी बारीक, घोगरं, लांबलचक कण्हणं. 'हूंऽऽऽ... ऊंऽऽऽ'. दादाला ते पाण्याच्या पंपासारखं वाटलं होतं.

मी जिना चढून थेट केबिनमध्ये गेले. "बॉस, बदललेला आवाज पूर्वीसारखा करता येतो?"

"बोलणाऱ्याचा? जमलं तर जमलं. फोनवरच्या फोनवर केलेलं दिसतंय. मंद केलाय आणि खाली ओढलाय."

"बोलणाऱ्याचा नको. त्याआधीच्या शांततेचा."

बॉसनी चष्मा काढला. संशयितालाच कुलूप उघडायला सांगत होते मी, पण चावीवर माझी नजर होती. त्यांनी शांततेचा तुकडा वेगळा काढला, वेग वाढवला, वर खेचला. पंप आखडला, बारीक झाला, आणि एका क्षणी त्या कण्हण्याची माणसाची भाषा झाली. पातळ, दुरून येणारा बाईचा आवाज.

"हे वाक्य परत घेऊ का?"

मग थोडी शांतता.

"ऐकू येतंय का कुणाला?"

तो आवाज माझ्या वहिनीचा होता.

५

ती आत वाचत असताना, तिच्यापासून चार पावलांवर बसून, त्याने तिला धमकी रेकॉर्ड केली होती!

"चहाची खोली," बॉस दात आवळून म्हणाल्या. "भिंतीपलीकडे. भिंतीतून आला असणार आवाज. हा विनोदवीर..."

त्या उठल्याच होत्या. मी त्यांना धरलं. भिंतीलाही कान असतात म्हणतात. या भिंतीला आहेत का, ते आधी बघायला हवं होतं.

मी वाचायच्या खोलीत गेले, जाड दार लावलं आणि बोंब ठोकली. कंपनीतल्या सगळ्या साहेबांना ठेवणीतल्या शिव्या दिल्या, त्यात मला फार बरं वाटलं. बाहेर आले तर बॉस चहाच्या खोलीच्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या.

"काय ऐकलंत?"

"काहीच नाही. हे बघा, ही खोली बांधलीच त्यासाठी आहे." बोलता बोलता त्या थांबल्या. "मग तिचा आवाज बाहेर आला कुठून?"

"तुम्ही सांगा. आतला आवाज बाहेर यायची वाट कोणती?"

"तार. फक्त तार. माईकमधून टेबलावर आणि तिथून..." बॉस टेबलाकडे वळल्या. "हेडफोनमध्ये."

"आणि हेडफोन कानातून काढून टेबलावर ठेवला तर?"

"कुजबुजतो. पातळ, खालचा भार नसलेला. आत्ता ऐकला तसाच."

मी वहिनीला फोन लावला. "गुरुवारी तू मध्येच विचारलंस, परत घेऊ का, ऐकू येतंय का. उत्तर मिळालं?"

पलीकडे कुजबुज. "लगेच नाही. तो टेबलाखाली वाकला होता. वर आला आणि म्हणाला, सॉरी ताई, वायर ढिली झाली होती. नणंदबाई... म्हणजे तेव्हा?"

"तू इकडे ये," मी म्हटलं. "दादाला घेऊन ये. आणि येताना घाबरू नकोस, मी आहे."

६

सगळे रेकॉर्डिंगच्या टेबलाभोवती जमले. वहिनी दादाच्या दंडाला धरून आली. कानसेनने तत्परतेने कोमट पाणी पुढे केलं. तिने ग्लास घेतला नाही.

बॉसनी तुकडा लावला. 'ऐकू येतंय का कुणाला?' खोलीत घुमलं.

"हा आवाज फक्त या टेबलावर ऐकू येतो," मी म्हटलं. "आणि गुरुवारी या खुर्चीवरून कोण हललं नव्हतं, हे मला सकाळी त्यानेच सांगितलंय."

विनोदवीर वळला. "कानसेन? अरे, तू?"

"काहीही!" कानसेन म्हणाला. "असं करायला मी मूर्ख आहे? ऐकू आलं असतं तर मी तेवढं कापलं नसतं?"

"आलं असतं तर कापलं असतं. पण बोलायचं म्हणून तुम्ही हेडफोन काढलात. टेबलाखाली वाकलात, सवयीने शांतता घेतलीत, धमकी बोललात आणि घाईने फोनवरच आवाज जाड केलात. अख्ख्या स्टुडिओत कानाचा तिखट माणूस एक, आणि त्याने तेवढ्यापुरते कान काढून ठेवले होते."

"मला काय गरज? विनोद त्याने केला, बदनामी त्याची झाली!"

"केला त्याने. लिहिला कुणी?" मी विनोदवीराकडे पाहिलं. "तुला तो कुणाकडून मिळाला होता?"

विनोदवीराचा चेहरा पडला. "सगळे हाच लिहून देतो. मी नुसता बोलतो."

"म्हणून मधला थांबा कुठे होता ते यांना माहीत! टाळ्या आजवर दुसऱ्याने नेल्या, ते चाललं. पण ज्याच्या डोक्यातून निघाला त्याने त्या मुलीसमोर बसावं, असं वहिनीने लिहिलं आणि ते यांना एकट्यालाच लागलं."

कानसेन आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेला. हसणारं कुणी मिळतंय का, ते शोधत असावा. मग म्हणाला, "अहो, मी काय खरंच जाणार होतो का घरी? गंमत होती. ताईंना माहीत आहे मी कसा आहे ते."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दुसरं कुणी बोललं. आवाज खरखरीत होता, पण अख्खा होता.

"मी विचारलं होतं, ऐकू येतंय का," वहिनी म्हणाली. "तेव्हा तू टेबलाखाली काय बोलत होतास? आता सगळ्यांसमोर बोल. थांबा घेऊन बोल. कुठे हसायचं ते आम्हाला कळू दे."

तो बोलू शकला नाही. ओठ हलले, घशातून नुसती हवा आली. बॉसनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पोलिसांना लावला.

त्याला नेल्यावर दादा खुर्चीत बसला आणि अंगठ्याच्या पट्टीकडे बघत रडला. मलाही रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

७

"उद्या करू," बॉस म्हणाल्या.

"आत्ता," वहिनी म्हणाली आणि काचेच्या आत जाऊन बसली.

विनोदवीर दारातून हळूच निघून जात होता. "मी लिहिलं नव्हतं," तो मला म्हणाला. "ते खातं माझं नव्हतं. तुम्हीच सिद्ध केलंत."

"काडी त्याची होती," मी म्हटलं. "फुंकर तुझी. माझ्या अहवालात दोन्ही लिहितात."

काचेपलीकडून वहिनीने त्याला पाहिलं. तिने टेबलावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं, मग त्याच्याकडे. आपल्याला बाहेर हाकललं असतं तर त्याला आवडलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो आला, बसला, त्याने हेडफोन लावले. दुसरी जोडी मी घेतली.

लाल दिवा लागला. खोलीची शांतता घ्यायला आम्ही सगळे गप्प बसलो. दादाचं नाक ओढणं तेवढं मध्ये आलं, ते बॉस नंतर कापणार होत्या.

"ऐकू येतंय का कुणाला?" वहिनीने विचारलं.

बॉसनी बटण दाबलं. "येतंय. सगळ्यांना."

मग तिने त्या मुलीचं प्रकरण वाचायला घेतलं. 'त्या रात्री सभागृहात सगळे हसत होते,' ती वाचत होती, 'आणि मला वाटलं, माझं काय झालं होतं ते या सगळ्यांना माहीत आहे, आणि हे माझ्यावरच हसताहेत.'

विनोदवीराने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर घट्ट दाबून धरले होते. प्रकरण संपलं, शेवटची शांतता झाली, दिवा विझला. त्याने ते काढले नाहीत.